गव्हाच्या मागे दळली नाही ना?

बावीस वर्षं सदाशिव पेठेत भाजणी विकते आहे. या धंद्यात गिऱ्हाइकांनी जे शिकवलं, ते इथे मांडते.

१. घरची रीत आधी, भाव नंतर
आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी एक आजी उपवासाची भाजणी घ्यायला आल्या. पाकीट नाकाशी नेऊन त्यांनी विचारलं, "गव्हाच्या मागे दळली नाही ना?"
"नाही हो आजी, उपवासाचं दळण सकाळी पहिलं."
"आणि जिरं?"
"आहे ना."
"मग नको गं. आमच्याकडे उपवासाला चालत नाही."
त्याच आठवड्यात बिनजिऱ्याची पाकिटं वेगळी काढली. आजी कायमच्या गिऱ्हाईक झाल्या.

२. पंचांगाकडे पाठ फिरवू नये
एका वर्षी दिवाळीच्या भाजणीची आगाऊ नोंदणी पितृपक्षात सुरू केली, वर भरघोस सूट दिली. वही जवळजवळ कोरी राहिली. घटस्थापनेपासून तीच नोंदणी सूट न देता भरली. त्या पंधरवड्यात माणसं नव्या खरेदीला हात लावत नाहीत, हे मी पुण्यात वाढूनही विसरले होते.

३. शिस्तीतून सचोटी दिसते
चितळे बंधूंनी १९५० साली पुण्यात मिठाईचं दुकान थाटलं. त्यांची दुपारी १ ते ४ ची सुट्टी हा बाहेरच्यांना थट्टेचा विषय वाटे. पुणेकर मात्र म्हणत, वेळेला पक्का तो वजनालाही पक्का. २०१७ मध्ये दुकान दुपारीही उघडं राहू लागलं, पण तोवर विश्वास पिढ्यांत मुरला होता.

४. खरेदीत अभिमानही असतो
स्वदेशीचे पुरस्कर्ते सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादी घालून गेले ते याच पुण्याचे. विदेशी कापडाची होळी १९०५ मध्ये इथेच पेटली. 'आपल्या माणसाचा माल' म्हणून आजही लोक पहिलं पाकीट आनंदाने घेतात. दुसरं मात्र चव बघूनच घेतात. अभिमानावर एकदाच विक्री होते.

५. विश्वास वारशाने जातो
गेल्या आषाढीला आजी नव्हत्या. त्यांची सून एकटीच आली. बिनजिऱ्याचं पाकीट उचललं, नाकाशी नेलं आणि विचारलं, "गव्हाच्या मागे दळली नाही ना?"
मी तेच उत्तर दिलं. ते खरं राहावं म्हणून आजही पहाटे गिरणीत मी स्वतः उभी असते.