सांताक्रूझची थंडी आणि उत्तरेचा वारा

हस्ताचा पाऊस ओसरला की मुंबईच्या उपनगरांत दरवर्षी एकच प्रश्न विचारला जातो : थंडी केव्हा पडणार? आश्विनातले ऊन अंगाची काहिली करीत असते, पंखे रात्रभर चालू असतात आणि दिवाळी तोंडावर आलेली असते. अशा वेळी वर्तमानपत्रातील हवामानाच्या चौकटीकडे लोकांचे लक्ष वळते. त्या चौकटीत मुंबईची दोन ठिकाणे नेहमी दिसतात, एक कुलाबा व दुसरे सांताक्रूझ. हे आकडे कसे घेतले जातात आणि त्यांवरून पुढच्या हवामानाचा अदमास कसा बांधावा, हे समजून घेणे सर्वसामान्य नागरिकास उपयुक्त ठरेल.

दोन वेधशाळा, एक शहर

कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. सांताक्रूझची वेधशाळा विमानतळाच्या परिसरात असून उपनगरांचे हवामान तिच्या नोंदींवरून ओळखले जाते. कुलाबा हे तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेले टोक आहे. पाणी सावकाश तापते व सावकाश निवते, त्यामुळे तेथील दिवस व रात्र यांच्या तापमानात फार अंतर पडत नाही. सांताक्रूझ समुद्रापासून थोडे आत आहे. तेथील जमीन दिवसा लवकर तापते आणि रात्री आकाश निरभ्र असल्यास लवकर उष्णता सोडून देते. म्हणूनच नोव्हेंबरच्या पहाटे सांताक्रूझचा पारा कुलाब्याच्या पाऱ्यापेक्षा बहुधा दोन-तीन अंश खाली असतो.

एकाच शहरात हवामान किती भिन्न असू शकते, याचे ठळक उदाहरण २६ जुलै २००५ चे आहे. त्या दिवसाच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर. तेव्हा 'मुंबईचे हवामान' असा मोघम उल्लेख वाचताना तो कोणत्या वेधशाळेचा आहे, हे प्रथम पाहावे.

ऑक्टोबरचा उकाडा

नैऋत्य मोसमी पाऊस पश्चिम राजस्थानातून सरासरीने १७ सप्टेंबरच्या सुमारास माघार घेऊ लागतो, मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास आणि संपूर्ण देशातून १५ ऑक्टोबरपर्यंत निघून जातो. ढग विरतात, ऊन थेट जमिनीवर पडते आणि जमिनीतील ओल मात्र अद्याप आटलेली नसते. त्यातच वारे पूर्वेकडून, म्हणजे जमिनीकडून वाहू लागतात. दुपारी समुद्रावरून येणारा गार वारा या काळात उशिरा सुटतो. तो जितका उशिरा येईल तितका सांताक्रूझचा पारा वर चढतो. उन्हाळा संपून गेल्यावरही मुंबईकरांना दुसरा उन्हाळा सोसावा लागतो, तो यामुळे.

थंडीचा धागा उत्तरेत

सांताक्रूझची थंडी सांताक्रूझला जन्मत नाही. तिचा उगम उत्तर हिंदुस्थानच्या मैदानांपलीकडे आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारी वातावरणातील प्रक्षुब्धता, जिला हवामानशास्त्रज्ञ 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात, हिमालयावर बर्फ आणि पंजाब, हरयाणा व उत्तर प्रदेशात पाऊस आणते. विक्षोभ जवळ येत असताना उत्तरेत ढग जमतात व रात्रीचे तापमान उलट थोडे वाढते. तो पूर्वेकडे सरकला की आकाश स्वच्छ होते आणि वायव्येकडून कोरडे, थंड वारे मैदानांवर उतरतात. हेच वारे राजस्थान व गुजरात ओलांडून उत्तर कोकणात पोहोचतात. वाटेत त्यांची धार बोथट होत जाते. म्हणून दिल्लीस हुडहुडी भरली तरी मुंबईस केवळ सुखद गारवा लाभतो.

क्वचित ही धार टिकून राहते. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझचे किमान तापमान ७.४ अंश सेल्सियसपर्यंत उतरले होते. उलट वारे पूर्वेचे किंवा दक्षिणेचे राहिले, तर डिसेंबर उजाडला तरी पंखे बंद होत नाहीत. यास्तव मुंबईच्या थंडीचा अंदाज बांधू इच्छिणाऱ्याने उत्तरेतील बातमीकडे आणि आपल्याकडील वाऱ्याच्या दिशेकडे एकाच वेळी लक्ष ठेवावे.

शांत ऋतूचे धोके

हा काळ वरवर शांत व निरुपद्रवी वाटतो, परंतु त्याचे तीन धोके ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

पहिला धोका समुद्राचा. अरबी समुद्रात चक्रीवादळे मुख्यतः दोन हंगामांत उद्भवतात, मोसमी पावसाच्या आधी आणि त्याच्या नंतर. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईस चक्रीवादळाचा जबर तडाखा बसला होता. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' वादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले आणि कोकणातील मच्छीमारांची मोठी हानी झाली. वेसावे, मढ येथे बोंबील सुकविण्याची कामे याच दिवसांत चालतात. ज्यांची होडी समुद्रात आहे, त्यांना इशारा वेळेवर कळणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो.

दुसरा धोका शेतीचा. थंडीची चाहूल लागली असतानाच अवकाळी पाऊस येतो. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यात गारपिटीने द्राक्षबागांचे फार नुकसान केले.

तिसरा धोका हवेचा. रात्री जमीन निवली की तिच्यालगतची हवाही थंड व जड होते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. जणू शहरावर झाकण बसते. वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ आणि फटाक्यांचा धूर त्या झाकणाखाली कोंडून राहतो. वारा मंद असल्यास ऊन चढेपर्यंत तो विरत नाही. दमेकरी, वृद्ध व बालके यांना त्याचा त्रास सर्वांत अधिक होतो.

अंदाज कसा वाचावा

भारतीय हवामान विभाग निरनिराळ्या मुदतींचे अंदाज देतो. ऋतूचा अंदाज तापमान सरासरीहून अधिक, सरासरीइतके किंवा कमी राहण्याची शक्यता किती, एवढेच सांगतो. तो अमुक एका दिवसाचे भविष्य नव्हे. त्यावरून पेरणीचे वा लग्नसमारंभाचे नियोजन ढोबळ मानानेच करावे. पुढील आठवड्यांचा कल दर गुरुवारी प्रसिद्ध होतो. प्रत्यक्ष कृतीसाठी मात्र पुढील काही दिवसांचा अंदाज व त्यासोबतचा रंग पाहावा. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे तत्काळ कृती करा.

'थंडीची लाट' हा शब्दही सैलपणे वापरला जातो. मैदानी भागात किमान तापमान १० अंश वा त्याखाली उतरले आणि ते सरासरीहून निदान ४.५ अंशांनी कमी असले, म्हणजे सामान्यतः लाट म्हटली जाते. सांताक्रूझला पारा १६ अंशांवर आला, तर तो गारवा होय, लाट नव्हे.

वेधशाळेतील पांढऱ्या झडपांच्या पेटीत तापमापक रोज त्याच वेळी वाचला जातो, त्याच निष्ठेने तो आकडा नोंदला जातो. या नोंदी पिढ्यानुपिढ्या साठत गेल्या, म्हणूनच सरासरी कळते, आणि सरासरी कळल्यावरच यंदाचे वेगळेपण ओळखता येते. पहाटे स्वेटर काढावा की नाही, एवढ्यापुरताच हा आकडा पाहू नये. होडी बंदरात ठेवावी काय, काढलेले पीक झाकावे काय, दमेकरी आजोबांचे सकाळचे फिरणे उन्हे वर आल्यावर ठेवावे काय, या प्रश्नांची उत्तरेही त्याच चौकटीत असतात. ती वाचण्याची सवय घरोघर लागली, तर कार्तिकातील ही शांत हवा कोणालाही बेसावध गाठू शकणार नाही.