द्राक्षबागेतून धावताना

सदरमधल्या माझ्या दवाखान्यात अलीकडे एक नवाच प्रकार दिसतो. पूर्वी माणसे गुडघे दुखतात म्हणून चालणे बंद करायची परवानगी मागायला येत. आता धावायची परवानगी मागायला येतात. मला आनंदच आहे. मीही पन्नाशीनंतर धावू लागलो, आणि माझी साखर व पोट दोन्ही त्याची साक्ष देतील.

दिवाळीच्या आधी असाच एक तरुण आला. मूळचा काटोलकडचा, घरची संत्र्याची बाग, नोकरीसाठी नागपुरात खोली करून राहिलेला. त्याची बदली नाशिकला झाली होती. त्याने कागदावर धावण्याचा रस्ता काढून आणला होता : गंगापूर धरणाच्या बाजूने, गोदावरीच्या काठाने, मग द्राक्षबागांमधून वळसा घालून परत. लहानपणी त्याला बालदमा होता. ‘‘डॉक्टरसाहेब, एवढ्या मोकळ्या हवेत दम्याचा त्रास होणार नाही ना?’’ एवढाच त्याचा प्रश्न होता.

रस्ता सुंदर होता यात शंका नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या नागपूरच्या जवळजवळ दुप्पट. हवा थंड आणि कोरडी. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी गंगापूरच्या मातीच्या धरणात थांबते आणि पुढे शहरात येते. दिंडोरी, निफाड या तालुक्यांत तर नजर जाईल तिकडे द्राक्षांचे मांडव. पण ‘मोकळी हवा’ हे त्याचे शब्द ऐकून मला माझीच फजिती आठवली.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मी मुलीकडे नाशिकला गेलो होतो. आदल्या रात्री पावसाची एक सर येऊन गेली होती. सकाळी साडेसहाला दिंडोरीच्या बाजूला बागांमधल्या कच्च्या रस्त्याने धावू लागलो. वारा अजिबात नव्हता. दोन बागांच्या मध्ये हलके धुके साचले होते, मला ते दवाचेच वाटले. त्या धुक्यातून ट्रॅक्टरचा आवाज आला आणि मागोमाग तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस हात हलवत पुढे आला. ‘‘बाबा, पलीकडून जा. औषध चालू आहे.’’ मी मान डोलावली, आणि अंतर पूर्ण करायचे म्हणून तसाच पुढे धावलो! तीस वर्षे प्रॅक्टिस केलेला डॉक्टर! पाचशे मीटरच्या आत डोळे चुरचुरू लागले, घसा खवखवला, छाती आवळल्यासारखी झाली. मुलीच्या घरी पोचून अंघोळ केली तरी दुपारपर्यंत डोके दुखत होते. लक्षणांवरून ते गंधकाचे औषध असावे. श्वासनलिकेला ते चुरचुरते, त्याहून वाईट काही झाले नाही. माझे नशीब.

आपला शेतकरी कीटकनाशकाला आणि बुरशीनाशकाला ‘औषध’ म्हणतो. शब्द एकच असल्याने ऐकणाऱ्याला भीती वाटत नाही.

यात समजून घेण्यासारखी गोष्ट वेळेची आहे. द्राक्षाची गोडी छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते. त्यानंतरचे साधारण दोन महिने कोवळ्या पानांवर केवडा आणि भुरी या रोगांचे भय असते. पाने पावसाने किंवा दवाने ओली राहिली की बागायतदार फवारणीची घाई करतो. वारा असेल तर औषध झाडावर न बसता उडून जाते, ऊन चढले तर लवकर वाळते. म्हणून तो वारा पडलेली पहाट किंवा संध्याकाळ निवडतो. धावणाराही नेमकी तीच वेळ निवडतो. पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही, त्यामुळे फवाऱ्याचे बारीक थेंब मांडवाच्या उंचीवरच तरंगत राहतात. आपले नाकही तिथेच असते.

त्यात धावण्याची भर. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. धावताना हाच आकडा साठ लिटरच्या वर जातो, आणि ती बरीचशी तोंडाने घेतलेली, नाकाच्या गाळणीतून न गेलेली. घामाने ओली झालेली गरम कातडीही कोरड्या कातडीपेक्षा औषध लवकर शोषते. बागेशेजारून सावकाश सायकलवर जाणाऱ्याला जे जाणवणार नाही, ते धावणाऱ्याला जाणवते.

या फवारणीचा आणि वाटसरूंचा संबंध जुना आहे. फ्रान्समधल्या बोर्दो भागातले द्राक्षमळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण मारत, कारण येणारे-जाणारे घड तोडून नेत. निळसर, कडवट पाने पाहून कोणी हात लावत नसे. १८८२ च्या सुमारास मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की नेमक्या त्याच वेलींना केवडा झालेला नाही. त्यातून बोर्डो मिश्रण आले. आपल्याकडे डिंक्या रोगासाठी संत्र्याच्या बुंध्याला जो निळसर मलम लावतात, तो त्याचाच भाऊबंद. त्याच बोर्दोजवळ मेदोक येथे १९८५ पासून द्राक्षमळ्यांतून मॅरेथॉन धावतात आणि वाटेत पाण्याबरोबर वाइनचे पेले देतात. ते हौसेचे काम आहे, कोणी अनुकरण करू नये. दारूने लघवी वाढते आणि शरीराचे पाणी कमी होते.

तर त्या तरुणाला मी सांगितले ते असे. द्राक्षबागांचा रस्ता जानेवारीअखेर ते मार्च या काळासाठी ठेव. तेव्हा काढणी चालू असते, फळावर औषधाचा अंश राहू नये म्हणून फवारणीही आवरती घेतात. छाटणीनंतरचे दोन महिने धरणाच्या आणि नदीच्या बाजूला धाव. मधूनच बागेत जायचे असेल तर आदल्या संध्याकाळी तिथल्या माणसाला विचार, उद्या औषध आहे का म्हणून. तो खरे सांगतो. पंपाचा आवाज किंवा वास आला तर धावण्याचे अंतर विसरून मागे फिर, किंवा वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूला हो. बागेतल्या ड्रममधले, हौदातले पाणी तोंडाला लावू नकोस. वेलीवरचा घड तोडू नकोस, निळा दिसला नाही तरीही. घरी आल्यावर आधी कपडे काढून वेगळे टाकायचे, साबणाने अंघोळ करायची, मग चहा. दम्याचा पंप खिशात हवाच. नदीकाठीही डिसेंबरची थंड कोरडी हवा दमा चाळवते, म्हणून पहिली दहा मिनिटे नुसते चालायचे आणि नाका-तोंडावर पातळ कापड धरायचे.

बुरशीनाशकाने बहुधा चुरचुर होते. कीटकनाशकांचे, विशेषतः ऑर्गॅनोफॉस्फेट गटाचे, काम वेगळे आहे. तोंडाला पाणी सुटणे, दरदरून घाम, उलटी, पोटात पेटके, छातीत घरघर, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, स्नायू फडफडणे. धावणाऱ्याला घाम आणि दम नेहमीचेच, त्यामुळे तो फसतो. थांबल्यावर पंधरा मिनिटांत घाम आणि दम ओसरायला हवेत. ओसरण्याऐवजी वाढत असतील, किंवा बाकीची लक्षणे दिसली, तर ताबडतोब रुग्णालय. औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी मिळाली तर सोबत न्यावी. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा.

एवढे ऐकून घेतल्यावर तो तरुण सहज म्हणाला, ‘‘हे तर बाबांना होते जी. फवारा मारला की रात्री मळमळ, डोके गच्च. ते म्हणतात, ऊन लागलं.’’

मी पेन खाली ठेवले. हातमोजे? नाहीत. पाठीवरचा पंप गळतो, सदरा मागून ओला होतो, तोच सदरा संध्याकाळपर्यंत अंगात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते वाचकांना आठवत असेल. तिथे पीक कापसाचे होते, पण गळका पंप आणि ओला सदरा कोणत्याही पिकात तेवढेच घातक. मी त्या द्राक्षबागेत पाच मिनिटे होतो. मला हात हलवून बाजूला करणारा माणूस मात्र दिवसभर तिथेच होता, तोंडाला नुसता रुमाल बांधून.

पुढच्या सोमवारी वडील आले. मुलाने जवळजवळ ओढूनच आणले होते. रक्तातील कोलिनेस्टरेझची तपासणी केली. या गटाच्या औषधांनी हे द्रव्य घटते, आणि त्यांचे घटलेले होते. घाबरण्याइतके नाही, पण दुर्लक्ष करण्याइतके कमीही नाही. महिनाभर फवारणीला हात लावायचा नाही, मग पुन्हा रक्त तपासायचे, पंप दुरुस्त करायचा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चष्मा वापरायचा, असे ठरले. वडील कुरकुरले, ‘‘एवढं नटूनथटून बगीच्यात कोण जाते जी?’’ मुलाने नाशिकला जाण्यापूर्वी पंपाचा नवा वॉशर आणून स्वतः बसवला, आणि हातमोज्यांचे दोन जोड बंगईच्या कडीला टांगून ठेवले.

दुसरी तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.