ग्लायडरसाठी छोटा अल्टिमीटर
प्रश्न : हडपसरला ग्लायडिंग शिकलो. आता मित्रांसोबत जुनं ग्लायडर दुरुस्त करतोय. पॅनेलवर जागा कमी आहे. ८०ऐवजी ५७ मिलिमीटरचा अल्टिमीटर चालेल का? (एक वाचक, परतूर)

उत्तर : चालेल, पण आधी काटे पाहा. लहान डायलवर तीन काटे दाटी करतात आणि घाईत हजार फुटांची चूक होते. दोनच काट्यांचा, ठळक आकड्यांचा घ्या. दाबाची खिडकी हेक्टोपास्कलमध्ये हवीच. एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे जवळपास ३० फूट. ग्लायडरला इंजिनाची थरथर नसते, म्हणून काटा अडकतो. सुटा अल्टिमीटर हातात घेऊन काचेवर हलकी टिचकी मारा. काटा मोठी उडी घेत असेल तर तो घेऊच नका. जुना स्वस्त मिळाला तरी कॅलिब्रेशनचा दाखला मागा. बसवण्याआधी देखभाल अभियंत्याची लेखी मंजुरी घ्या.