सेवा करायला पदवी कशाला?

ग्वारीघाटावर संध्याकाळच्या आरतीची तयारी चालली होती. पिढ्यान्‌पिढ्या जबलपुरात राहिलेल्या एका मराठी घरातली आई आपल्या लेकीला घेऊन मला भेटायला आली होती. मुलीला पदवीनंतर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करायची होती. आईने पायरीवर टेकता टेकताच विचारलं, "मॅडम, लोकांची सेवा करायला पदवी कशाला लागते? इथे भंडारे होतात, ते घालणारे काय कॉलेजात शिकून आलेत?"

प्रश्न रास्त आहे. नर्मदामाईच्या काठावर अन्नदानाची परंपरा फार जुनी आहे आणि त्या दोन घासांचं मोल मी कमी लेखणार नाही. पण पंगतीत बसलेल्या म्हातारीचं पेन्शन का थांबलं, रेशनच्या यंत्रावर तिचा अंगठा का जुळत नाही, ती गाव सोडून इथे का आली, हे भंडाऱ्यात कोणी विचारत नाही. समाजकार्याचा अभ्यास या प्रश्नांपासून सुरू होतो. पुण्य देणाऱ्याचं असतं. हक्क घेणाऱ्याचा असतो.

याच नदीच्या वरच्या अंगाला बरगी धरण आहे. १९९०च्या सुमारास ते पूर्ण झालं. मंडला, सिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतल्या १६२ गावांना त्याची झळ बसली. जमिनी गेलेली कितीतरी माणसं जबलपुरात रिक्षा ओढायला, मजुरी करायला आली. त्यांना कांबळी वाटणं ही मदत झाली. पण विस्थापित संघटित झाले, जलाशयातल्या मासेमारीवर आपला हक्क सांगू लागले आणि १९९४मध्ये त्यांच्या सहकारी संघाला तो हक्क मिळाला. सामाजिक न्याय हा पुस्तकातला शब्द वाटतो, तेव्हा मी विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगते. ज्या पाण्याने शेत बुडवलं, त्या पाण्यातल्या मासळीवर पहिला हक्क कोणाचा, एवढाच तो प्रश्न होता. नर्मदेच्या खोऱ्यात हाच प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरणाऱ्या मेधा पाटकर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्यच शिकल्या होत्या. सगळ्यांनी आंदोलनातच उतरावं असं मुळीच नाही. तरीही ही पदवी माणसाला काय पाहायला शिकवते, ते यातून कळतं.

आता नीतीबद्दल, कारण पालक पगाराबद्दल विचारतात आणि हे विचारायचं राहून जातं. या पेशातला सगळ्यात अवघड प्रश्न असा: तुम्ही कोणाचे? पगार देणाऱ्या संस्थेचे, की समोर बसलेल्या माणसाचे?

समजा, तुमच्या मुलीला या घाटावरच्या भिक्षेकऱ्यांच्या सर्वेक्षणाचं काम मिळालं. मध्य प्रदेशात भिक्षावृत्तीविरोधी कायदा १९७३चा आहे, महाराष्ट्रातला १९५९चा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये दिल्लीपुरतं भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली, पण इतरत्र गाडी येऊन माणसं उचलून नेण्याची भीती आहेच. म्हातारी म्हणते, "बेटी, माझं नाव लिहू नकोस." वरिष्ठांना तर यादी भरलेली हवी आहे. अशा वेळी यादी कशासाठी आहे आणि कोणाच्या हातात जाईल हे तिला खरं खरं सांगायचं आणि तिचा नकार नकारच मानायचा. तिच्या भल्यासाठी म्हणूनही तिला फसवायचं नाही. मला विचाराल तर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातलं सर्वांत कठीण शिक्षण हेच आहे.

पण तिच्या शेजारी बसलेल्या लहान मुलीवर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं, तर गुपित ठेवण्याचं वचन तिथे चालत नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तरी त्या मुलीची ओळख कुठे उघड होणार नाही, हेही कायद्यानुसारच पाहायचं असतं. नाणी शोधायला पाण्यात उतरणाऱ्या पोरांचे फोटो काढून संस्थेच्या अहवालात छापणारे मी पाहिले आहेत. त्या पोरांना, त्यांच्या आईबापांना कोणी विचारलेलं नसतं. मला त्याचा राग येतो.

डॉक्टर-वकिलांसारखी या पेशासाठी देशपातळीवरची स्वतंत्र वैधानिक परिषद आपल्याकडे अजून नाही. म्हणून दर्जा आपणच पारखायचा. कॉलेज निवडताना इमारत नंतर बघा. आधी फिल्डवर्क कसं चालतं, आठवड्याला किती दिवस असतं, सुपरव्हिजनला शिक्षक खरोखर बसतात का, हे विचारा. नागपूरला मातृसेवा संघाची संस्था आहे, पुण्याला कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईला निर्मला निकेतन आणि टाटा संस्था. एमएसडब्ल्यूला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो.

नोकऱ्या? रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, वन स्टॉप सेंटर, कंपन्यांचा सीएसआर विभाग. पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं १९४८च्या कारखाने कायद्यानेच बंधनकारक केलं होतं. मनोरुग्णांसोबत काम करायचं असेल तर पुढे मनोविकार समाजकार्याचं शिक्षण घ्यावं लागतं. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि पुष्कळ जागा कंत्राटी असतात. हे आईपासून मी लपवलं नाही. घरावर कर्ज असेल तर पहिली दोन-तीन वर्षं कशी निभतील याचा हिशेब आधीच मांडा.

आरती सुरू झाली. द्रोणांतले दिवे पाण्यावर सरकू लागले. मी मुलीला म्हणाले, "फॉर्म भरण्याआधी एक कर. या भिक्षेकऱ्यांच्या रांगेतल्या एखाद्या आजीजवळ तासभर बस. फोन पिशवीत ठेव, पैसे देऊ नकोस, सल्ला देऊ नकोस. ती सांगेल तेवढंच ऐक."

तिने विचारलं, "आणि तिला बोलायचंच नसेल तर?"

"तर 'बरं आजी' म्हणायचं आणि उठायचं."

आई काही बोलली नाही. मुलगी चप्पल हातात घेऊन पायऱ्या उतरू लागली होती.