जांघेतली गाठ

मंडळी, आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत शिकवले. "दुखणे लपवू नये," असे मुलांना दर वर्षी सांगितले. पण स्वतःवर पाळी आली, तेव्हा आम्हीच दुखणे लपवले.

आमच्या उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली. उभे राहिले की येई. आडवे झाले की जाई. दुखत नसे. जागा लाजेची. दाखवायची कुणाला? पत्नीने विचारले, "अहो, असे वाकून का चालता?" आम्ही म्हटले, "वायू झालाय." बाजारातून एक पट्टा आणला आणि कपड्यांखाली बांधला. अशी दोन वर्षे काढली. गाठ वांग्याएवढी झाली.

शेवटी मुलाने सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी उभे करून तपासले. खोकायला लावले. म्हणाले, "गुरुजी, हा अंतर्गळ. यालाच हर्निया म्हणतात. यात लाज कसली?"

अंतर्गळ म्हणजे काय? सायकलचा टायर एका जागी विरला, की आतली ट्यूब तिथून फुगून बाहेर येते. तसेच पोटाचे. पोटाची भिंत एखाद्या जागी कमजोर होते. तिथून आतडे किंवा आतली चरबी पुढे येते. जड ओझे, जुना खोकला, शौचाला किंवा लघवीला कुंथणे, यांनी ती वाढते. जांघेतला अंतर्गळ पुरुषांत जास्त. पण बायकांना आणि मुलांनाही होतो. प्रत्येक गाठ अंतर्गळ नसते. म्हणून डॉक्टरांनाच दाखवावी.

उपाय कोणता? औषधाने किंवा लेपाने भोक बुजत नाही. पट्टा गाठ दाबून धरतो, बरी करत नाही. गाठ लहान असली, त्रास नसला, तर डॉक्टर कधी थांबायला सांगतात. पण तान्ह्या मुलाच्या जांघेत गाठ दिसली तर थांबू नये.

खरा उपाय ऑपरेशन. आतडे आत सारतात. मोठ्या माणसाला बहुधा कमजोर जागी बारीक जाळी बसवतात. टायरला आतून तुकडा लावतात ना, तसेच. आम्हांला दुसऱ्या दिवशी चालवले. तिसऱ्या दिवशी घरी सोडले. सहा आठवडे ओझे उचलू दिले नाही.

शेजारच्या खाटेवर एक शेतकरी होता. त्याची गाठ रात्री अडकली. "सकाळी बघू," म्हणून तो थांबला. त्याचे वीतभर आतडे कापावे लागले. तो म्हणाला, "गुरुजी, मला कुणी आधी सांगितलंच नाही." आमची मान खाली गेली. सांगणारे आम्ही, आणि आम्हीच गाठ झाकून बसलो होतो! म्हणून हा धडा लिहिला.

लक्षात ठेवा :
१. गाठ आत जाईना, घट्ट झाली, फार दुखू लागली, उलट्या झाल्या, तर आतड्याला फास बसला असे समजा. काही तासांत आतडे सडू लागते.
२. गाठ चोळू नका. जोराने ढकलू नका. खायला-प्यायला देऊ नका.
३. रात्र असली तरी १०८ ला फोन करा.

प्रश्न :
१. पट्ट्याने अंतर्गळ बरा होतो का?
२. गाठ अडकली हे कसे ओळखाल?
३. तुमच्या घरात कुणी दुखणे लपवते का? आज विचारा.