टोळी राज्याची हद्द ओलांडते तेव्हा



हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात एकच विचारणा असते, "साहेब, टोळी कधी?" टोळीमागे काय काय असते ते मात्र कोणी विचारीत नाही, म्हणून यावेळी त्याविषयी लिहितो.

बीड, आष्टी, पाटोद्याकडचा कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल घेऊन ही जोडी दिवाळीच्या सुमारास घर सोडते. काही टोळ्या आपल्याकडे थांबतात, काही पुढे बेळगाव, बागलकोटच्या कारखान्यांवर जातात.

हद्द ओलांडणाऱ्या मजुरांसाठी १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. पाच किंवा अधिक मजूर आणणाऱ्या मुकादमाला परवाना, मजुराला पासबुक व प्रवासभत्ता, असे त्यात होते. आम्ही फडात उचलीची वही पाहिली, पासबुक कधी पाहिले नाही. २०२० साली हा कायदा नव्या कामगार संहितेत घेतला गेला.

त्याच वर्षी खरी परीक्षा झाली. मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि टोळ्या कोप्यांवरच अडकल्या. राज्यातल्या ऊसतोड मजुरांना घरी जाण्याची मुभा १७ एप्रिलला मिळाली. हद्दीपलीकडे असलेल्यांना केंद्राच्या २९ एप्रिलच्या आदेशाची वाट पाहावी लागली. शिवाय दोन्ही राज्यांची संमती हवी होती. अंतर तेवढेच, पण मध्ये चेकनाका!

रेशनचे तसेच. पूर्वी कार्ड गावचे, तर धान्यही गावातच. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात व आंध्र-तेलंगण या जोड्यांत दुसऱ्या राज्यात धान्य देण्यास सुरुवात झाली, जून २०२२ पर्यंत सर्व राज्ये त्यात आली. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य कार्डावर माणशी महिना ५ किलो. आपला वाटा इथे उचलावा, गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी त्यांचा तिथे. हे पुष्कळ मुकादमांना अजून ठाऊक नाही.

गेल्या हंगामात एका टोळीतल्या बाईचा अंगठा मशीन घेईना. कोयत्याने बोटे झिजलेली. दुकानदाराने दोनदा परत पाठवले. त्या पायी तोडीचा दीड दिवस गेला आणि एका सभासदाचा तोडलेला ऊस फडात वाळत पडला. अशा वेळी दुसरे बोट लावून पाहावे, किंवा त्याच कार्डावरील दुसऱ्या माणसाला पाठवावे.

टोळी उतरली की पहिल्याच आठवड्यात चिटबॉयला घेऊन मुकादमासह रेशन दुकानात जावे. कार्ड नंबर व आधार बरोबर असू द्यावे. अडचण आल्यास गट ऑफिसात सांगावे, आम्ही येतो.