पिकअपच्या प्रेमात पडण्याआधी

आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी असा प्राणी असतो, ज्याच्या लॅपटॉपवर देवाच्या फोटोच्या जागी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस असते. "प्लेसमेंट झाली ना, की पहिली हीच. सेकंडहँड का असेना!" हे वाक्य मेसमध्ये दर आठवड्याला ऐकू येतं. हा लेख त्या प्राण्यांसाठी आहे. मेकॅनिकलवाल्यांना यातलं काही माहीत असेल. कॉम्प आणि आयटीवाल्यांनी मात्र सावकाश वाचावं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे क्रँकशाफ्टला शुद्ध मराठी शब्द काय, हे प्लीज विचारू नका.

आधी एक साधा प्रश्न. परफॉर्मन्स म्हणजे नक्की काय? आपली पोरं फक्त हॉर्सपॉवर बघतात. पण गाडी पळते ती पॉवर आणि वजनाच्या गुणोत्तरावर. २००० च्या सुमारास आलेल्या होंडा सिटी व्हीटेकचं इंजिन दीड लिटरचं, पॉवर १०६ हॉर्सपॉवर, आणि गाडीचं वजन टनभराच्या आसपास. २००४ ची ऑक्टाव्हिया आरएस १.८ लिटर टर्बो, १५० हॉर्सपॉवर, पण वजन सव्वा टनाहून जास्त. दर टनामागे हॉर्सपॉवर काढून बघा, दोघी एकमेकींपासून फार लांब नाहीत! फरक पडतो टॉर्कमध्ये. ऑक्टाव्हियाचा टर्बो २१० न्यूटन-मीटर टॉर्क १७५० आरपीएमलाच देतो, म्हणजे पाय ठेवला की गाडी ओढते. व्हीटेकची मजा वरच्या आरपीएमला येते. आता मला सांगा, कल्याण-शीळ रोडवर संध्याकाळी सात वाजता तुम्ही कुठल्या आरपीएमला असता? तिथे फर्स्ट, सेकंड आणि हाफ क्लच. म्हणून रोज चालवायची असेल तर खालचा टॉर्क बघा, आणि रविवारी पहाटे माळशेजला जायला हवी असेल तर वरची पॉवर.

कमी बजेटमध्ये आपल्या भागात कुठल्या गाड्या शोधता येतात? सिटी व्हीटेक तर आहेच. मग २००६ ते २०१३ ची होंडा सिव्हिक (१.८ लिटर, १३२ हॉर्सपॉवर), मित्सुबिशी सिडिया, फियाट लिनिया टी-जेट (१.४ टर्बो, ११४ हॉर्सपॉवर, २०१० मध्ये आली), शेव्हरोले क्रूझ डिझेल, २०११ ची स्कोडा लॉरा आरएस, आणि जरा नवीन हवी असेल तर २०२० ची रॅपिड एक लिटर टीएसआय, ११० हॉर्सपॉवरची. यातल्या बऱ्याच आपल्या महाराष्ट्राच्याच लेकी बरं का. लिनिया रांजणगावची, रॅपिड चाकणची, आणि ऑक्टाव्हिया-लॉरा औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या.

यांची किंमत कमी का, हे समजून घ्या. जनरल मोटर्सने २०१७ च्या शेवटी भारतात गाड्या विकणं बंद केलं. फियाटच्या गाड्याही २०१९ पर्यंत बंद झाल्या. कंपनी गेली की भाव पडतो, आणि तो पडलेला भाव बघून आपण खूश होतो. पण भाव पडला तरी पार्टचा खर्च पडत नाही. लिनियाचंच उदाहरण घ्या. तिचं १.३ डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्येही होतं, त्यामुळे त्याचे पार्ट कुठल्याही नाक्यावरच्या दुकानात विचारता येतात. टी-जेट पेट्रोलचं तसं नाही. तिचा टर्बो हवा असेल तर फोन फिरवत बसा. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी तीन पार्टचे भाव काढायचे: क्लच सेट, पुढचे शॉकअप्सर, आणि हेडलाइट. तिन्ही मिळत असतील तरच पुढे जायचं.

आता पैशांचं गणित. माझा डोंबिवलीचा मावसभाऊ गेल्या पावसाळ्यापासून अशीच गाडी शोधतोय. त्याच्याकडे साडेतीन लाख आहेत, चार वर्षांच्या नोकरीतून साठवलेले, आणि काकांचा रिक्षाने फिरायचा त्रास वाचावा म्हणून गाडी घरातल्या सगळ्यांसाठी आहे. म्हणजे चुकीची गाडी घेतली तर दुसरी घ्यायला पैसे नाहीत. त्याने पहिल्यांदा साडेतीन लाखांच्याच गाड्या बघायला सुरुवात केली. मी त्याला कागदावर मांडून दिलं. गाडी अडीच-पावणेतीनला घे, उरलेल्या पैशाला वर्षभर हात लावू नकोस. कारण दहा वर्षांच्या परफॉर्मन्स गाडीला पहिल्या वर्षात चार टायर, टायमिंग बेल्ट, ब्रेक पॅड-डिस्क, सस्पेन्शनचे बुश आणि बॅटरी यातलं निम्मं तरी लागणारच. जुन्या मालकाने विकायचं ठरवलं की तो या गोष्टी करत नाही. का करेल? तुम्ही कराल?

इन्शुरन्सचा एक मुद्दा कोणी सांगत नाही. थर्ड पार्टीचा प्रीमियम इंजिनच्या सीसीवर ठरतो, पॉवरवर नाही. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या कारला ३,४१६ रुपये आणि १५०० च्या वर ७,८९७ रुपये, म्हणजे दुपटीहून जास्त. टी-जेट आणि सिटी व्हीटेक १५०० च्या आत, सिव्हिक आणि ऑक्टाव्हिया बाहेर. छोट्या इंजिनवर टर्बो लावण्याचा हा फायदा आपल्या आयसी इंजिनच्या पुस्तकात नाही!

दुसरं म्हणजे वय. प्रायव्हेट कारचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, पुढे दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती नंतर अजून वाढली. वर महाराष्ट्राचा पर्यावरण टॅक्स वेगळा. त्यामुळे "२००६ ची सिव्हिक, एकदम मक्खन" असं कोणी म्हटलं की आधी आरसीवरची व्हॅलिडिटीची तारीख वाचायची, मक्खन नंतर.

पेट्रोलचंही बघायला हवं. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणजे पाचवा भाग एक तृतीयांशाने कमी, एकूण सहा-सात टक्के ऊर्जा गेली. ॲव्हरेजमध्ये तेवढा फरक गृहीत धरा. ऑक्टेन वाढतो ही जमेची बाजू, पण २००० च्या दशकातले रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. बोनेट उघडलं की पेट्रोलचा पाइप बोटांनी दाबून बघा. कडक झालाय, भेगा पडल्यात, तर तो पहिल्या दिवशी बदलायचा. तो फुटला तर गरम इंजिनवर पेट्रोल सांडतं, त्यामुळे यात कंजूषपणा नको.

आता आपल्या भागाचा खास विषय, पाणी लागलेली गाडी. २६ जुलै २००५ ला कल्याण, बदलापूर, अंबरनाथ कसं बुडलं होतं ते घरच्यांनी सांगितलं असेल. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे अडकली, हजाराहून जास्त प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. ट्रेन अडकते त्या पाण्यात खालच्या पार्किंगमधल्या गाड्यांचं काय होत असेल? त्या धुऊन, सुकवून, सेंट मारून विकायला येतात. वालधुनी आणि उल्हासच्या काठच्या सोसायटीतली गाडी असेल तर डबल चेकिंग.

ते कसं करायचं? सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. वरचा पट्टा धुतलेला असतो, आतल्या गुंडाळीत मातीची रेघ राहते. सीट मागे सरकवून खालच्या पट्ट्या बघा, तिथे गंज म्हणजे पाणी आलं होतं. डिकीतलं स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट थर आहे का? आणि एसी बंद करून काचा लावून पाच मिनिटं आत बसा. कुबट वास परफ्यूमच्या खालून वर येतोच. इंजिन ओव्हरहॉल करता येतं, पण वायरिंगला एकदा पाणी लागलं की आज पॉवर विंडो, उद्या एअरबॅगचा दिवा, परवा इसीयू... हे संपत नाही. अशी गाडी कितीही स्वस्त असो, सोडायची. भावाने कल्याण पश्चिमेला बघितलेली एक सिव्हिक आम्ही याच सीटबेल्टवरून सोडली. विकणारा म्हणाला, "मॅडम, कोल्ड्रिंक सांडलं असेल." चारही बेल्टवर, एकाच उंचीला?

टेस्ट ड्राइव्ह सकाळी घ्या आणि आधी फोन करून सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. थंड इंजिन खोटं बोलत नाही. सुरू होताना निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर म्हणजे कूलंट आत जातंय, हेड गॅस्केट बघा. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडल्यावर भसाभस वाफ येत असेल तर पिस्टन रिंग गेल्यात.

मग रूट. आपल्या नशिबाने आपल्याकडे टेस्टिंगला सगळंच आहे! क्लचसाठी गायमुखचा घाट: चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम वाढतोय आणि स्पीड वाढत नाही, तर क्लच प्लेट संपली. टर्बोची शिट्टीही इथेच ऐकू येते. बारीक शिट्टी ठीक, पण सायरनसारखा आवाज असेल तर बेअरिंग. रेडिएटरसाठी पत्री पुलाजवळचं ट्रॅफिक. एसी लावून वीस मिनिटं अडका, टेंपरेचरचा काटा मधून हलता कामा नये. सस्पेन्शनसाठी डोंबिवली एमआयडीसीतला कुठलाही रस्ता चालेल, निवडायची गरज नाही. आणि स्पीडब्रेकरवर चार माणसं बसवून गाडी न्या. खाली घासली तर रोजचं आहे ते, कारण स्प्रिंग कापून खाली केलेल्या गाड्या आपल्याकडे फार फिरतात. ऑटोमॅटिक असेल, विशेषतः ड्राय क्लचवाली सात गिअरची डीएसजी, तर ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके येतात का बघा. येत असतील तर तिथूनच रिक्षा करून घरी या.

एक ओबीडी स्कॅनर बरोबर ठेवा, हजार रुपयांच्या आत ब्लूटूथवाला मिळतो. एरर कोड नसणं हीसुद्धा शंका असू शकते. स्कॅनरमध्ये "कोड पुसल्यानंतर किती किलोमीटर" हे बऱ्याच गाड्यांत दिसतं. तो आकडा १२ असेल, तर काल रात्री कोणीतरी पुसलेत. शेवटी ओळखीच्या मिस्त्रीला हजार-दीड हजार देऊन गाडी लिफ्टवर चढवा. तो मिस्त्री विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, एवढंच.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण कोर्टाची पायरी चढायची नसेल तर वाचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर एक केस होती. मूळ मालकाने २००७ मध्ये कार विकली होती, पुढे ती अनेक हातांतून गेली, पण आरसीवर नाव कोणीच बदललं नाही. २००९ मध्ये ॲक्सिडेंट झाला, त्यात जीव गेला. कोर्टाने सांगितलं, रजिस्टरवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन ड्रॉवरमध्ये टाकू नका. एजंट "होऊन जाईल" म्हणतो तेव्हा नक्की काय होईल ते तो सांगत नाही. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. एमएच-०४ म्हणजे ठाणे, एमएच-०५ म्हणजे कल्याण, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गाडीवर लोन होतं का ते बघा, असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. दिल्लीच्या स्वस्त गाड्या इकडे येतात त्यांना तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा टॅक्स वेगळा भरावा लागतो. तो मिळवला की स्वस्ताई बरीचशी उडते. थकलेले ई-चलान गाडीच्या नंबरवर ऑनलाइन दिसतात, टोकन देण्याआधी विकणाऱ्याकडून भरून घ्या. परफॉर्मन्स गाडीचे चलान वाचण्यासारखे असतात, मालकाने गाडी कशी चालवली ते त्यातच कळतं.

इन्शुरन्स आपल्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज करायचा. आणि एक लक्षात ठेवा, नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुना मालक तो स्वतःकडे ठेवतो, त्यामुळे "पॉलिसीवर ५० टक्के बोनस आहे" म्हणून कोणी किंमत वाढवून सांगत असेल, तर तेवढे पैसे खुशाल कापा.